पिठा, गुत्ता आणि परमिट रूम

मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी हळहळ व्यक्त करणारे लिखाण मराठीत विपुल झाले आहे. ब्रून-मस्का, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि गल्ल्यावर बसलेला तिरसट मालक यांची वर्णने वाचून, ज्यांनी इराण्याची पायरी कधी चढली नाही त्यांचेही डोळे ओलावतात. या शहराच्या मद्यालयांच्या वाट्याला अशी माया क्वचितच आली. कारण उघड आहे. चहाच्या पेल्याविषयी चारचौघांत हळवे होता येते. दुसऱ्या पेल्याविषयी हळवे होण्याची मराठी पांढरपेशाला चोरी असते. तो तेथे जात नव्हता असे नव्हे. तो जात होता, पण जाऊन आल्याचे सांगत नव्हता. आणि जे सांगितले जात नाही, त्याचा इतिहासही सहसा लिहिला जात नाही.

वस्तुतः शहराचा कायदा, त्याच्या जमिनीचे भाव, त्यातील वर्गभेद आणि त्याची दांभिकता ही सारी एका ठिकाणी पाहावयाची असतील, तर दारूच्या दुकानासारखी दुसरी जागा नाही. मुंबईपुरते बोलावयाचे, तर नुसती नावे घेतली तरी काळाचे थर उलगडत जातात. ‘पिठा’ हा शब्द अबकारीच्या जमान्यातला. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात. सरकार दारूविक्रीचा हक्क लिलावात मक्त्याने देई, आणि मक्त्याचे नाव दुकानालाच चिकटले. ‘अड्डा’ हा दारूबंदीच्या वर्षांचा वारसा. ‘परमिट रूम’ ही तर कायद्याच्या पोटातून निघालेली संज्ञा. जगाच्या पाठीवर अन्यत्र ती कोणाला समजावून सांगावयाची म्हटली, तर अर्धा तास मोडावा लागेल. आणि ‘पब’ हा शेवटचा पाहुणा. इंग्लंडात तो गल्लीतल्या सामान्य माणसाची बैठक समजला जातो. मुंबईत उतरताना त्याने नेमका हाच अर्थ बंदरावर टाकून दिला.

या शहराचे मूळ मद्य ताडामाडाचे. माहीम, माझगाव, गिरगाव हे एके काळी वाड्यांचे आणि झाडांचे प्रदेश होते, आणि झाडावर चढून ताडी-माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत धंदा होता. माझगावच्या ताडवाडीच्या नावात त्याची खूण अद्याप राहिली आहे. ताडीपासून गाळलेला ‘अरक’ हा गोऱ्या शिपायांचा आणि खलाशांचा आधार. त्यात लिंबू, साखर, मसाला आणि पाणी मिसळून होणारे पेय ‘पंच’ या नावाने साऱ्या इंग्लंडात गेले, आणि ते नाव आपल्या ‘पाच’ या आकड्यावरून पडले, असे कोशकार सामान्यतः मानतात. इंग्रजांनी आपल्याला दारू शिकवली असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

परंतु इंग्रजांनी एक गोष्ट निश्चित केली. दारूला त्यांनी खजिन्याचा खांब बनवले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळणीवर गदा आली, झाडांवरचा कर वाढला आणि गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे गेले. झाडावर चढणाऱ्याच्या हातून धंदा निसटला आणि तो लिलावात बोली लावणाऱ्याच्या हाती आला. मुंबईत हा बोली लावणारा पुष्कळदा पारशी असे. दारूवाला, ताडीवाला ही आडनावे त्याची साक्ष देतात. ही आडनावे धारण करणाऱ्यांना त्यांचा संकोच वाटत नाही, हा त्या समाजाचा मोकळेपणा होय. मराठी समाजात कोणी गुत्तेवाले असे आडनाव मिरवले असते काय?

विसाव्या शतकाच्या आरंभी तर मुंबईच्या पिण्याच्या दोन स्वतंत्र दुनिया झाल्या होत्या. कोटात वॉटसनचे हॉटेल होते, जेथे नेटिवांना मज्जाव असे. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल उभे राहिले आणि पैसेवाल्या हिंदी माणसाला सन्मानाने बसण्याची जागा मिळाली. दुसरी दुनिया परळ, लालबाग, भायखळा, नागपाडा येथील पिठ्यांची. लाकडी बाके, जमिनीवर सांडलेल्या ताडीचा आंबूस वास, उकडलेले चणे आणि तिखटमीठ लावलेली काकडी. बारा-बारा तास सूतकताईच्या दमट खात्यात उभा राहिलेला मनुष्य खोलीवर जाणार तरी कोठे? एकेका खोलीत पंधरा-वीस गाळेकरी पाळीपाळीने झोपत. बायकामुले रत्नागिरीला वा साताऱ्याला. पिठा ही त्याची बैठकीची खोली होती. मात्र त्या बैठकीचे भाडे फार जबर होते. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी एका बाजूस पठाण उभा असे आणि दुसऱ्या बाजूस ज्यांची कुटुंबे मुंबईत होती त्यांच्या बायका. या दोघांच्या कचाट्यातून सुटलेला पैसा पिठ्यावर जाई, आणि पुष्कळदा या दोघांच्या आधी पिठाच त्याला गाठी. जुन्या पिठ्यांचे आज जे काही गोडवे गायिले जातील, त्यांत त्या दरवाजाशी उभ्या असलेल्या बायकांना जागा असलीच पाहिजे.

दारूच्या दुकानांविरुद्ध या प्रांतात आवाज उठला तोही काही आजकालचा नव्हे. १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेकडे वाढत्या दुकानांविषयी तक्रार केली होती. १९०८ मध्ये टिळकांनी पुण्यात दुकानांवर निरोधनाची चळवळ चालविली. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, आणि सुधाकर-सिंधूच्या कथेने मराठी मध्यमवर्गाच्या मनात दारूविषयी जी धडकी बसविली ती पुढे दोन पिढ्या टिकली. १९३० च्या सत्याग्रहात मुंबईच्या स्त्रिया दुकानांसमोर उभ्या राहिल्या. तेव्हा दारूबंदी ही कोणा एका हेकट मंत्र्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना होती, असे जे आता चेष्टेने सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही. तिच्यामागे खरी दुःखे होती आणि खरी माणसेही.

फसली ती अंमलबजावणीत. पहिला प्रयोग बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात केला. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी होते, आणि सर्वांत तीव्र विरोध झाला तो त्यांच्याच समाजातून. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसविण्यात आला. म्हणजे पिणाऱ्याचा गुत्ता गेला आणि न पिणाऱ्या घरमालकाच्या खिशालाही चाट बसली. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला, पुढे उच्च न्यायालयाने संबंधित अधिसूचना बेकायदा ठरविली, आणि शहर पुन्हा पूर्वपदावर आले.

दुसरा प्रयोग पक्का होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मोरारजी देसाई गृहमंत्री असताना सर्वत्र संपूर्ण बंदी आली. पिठे बंद झाले, कोटातील बारची कपाटे रिकामी झाली. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द केली, पण बंदीचा गाभा कायम ठेवला. अपवाद म्हणून परवाने राहिले: परदेशी पाहुण्यासाठी एक, प्रकृतीच्या कारणासाठी एक. डॉक्टरच्या दाखल्यावर मिळणाऱ्या परवान्याने मुंबईतील कित्येक सुस्थितीतील गृहस्थ एकाएकी आजारी पडले. ज्यांना डॉक्टर परवडत नव्हता, ते मात्र निरोगीच राहिले आणि म्हणून गुन्हेगार ठरले.

याच वर्षांत मुंबईने आपली सर्वांत विलक्षण मद्यालये निर्माण केली. त्यांना पाटी नव्हती. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील जुन्या लाकडी घरांत, मागच्या दाराने, कोण्या एका ‘आंटी’च्या बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक बाक एवढाच संसार. आंटी बहुधा गोव्याची किंवा मुंबईचीच ख्रिस्ती. पुष्कळदा विधवा, किंवा जिचा नवरा बोटीवर आहे अशी. धोबीतलाव आणि माझगाव या भागांत गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. बोटीवरून उतरलेला आणि पुढल्या बोटीची वाट पाहणारा खलाशी तेथे मुक्काम करी. गिऱ्हाईक दाराशीच होते. भिंतीवर येशूचे चित्र, त्याच्याखाली तांबडा दिवा, कोपऱ्यात शाळेचा अभ्यास करणारी मुले, आणि मध्ये काचेच्या पेल्यातून ‘नवटाक’ रिचवणारे गिऱ्हाईक. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. वजनमापे दशमान झाली, शेर-छटाक इतिहासजमा झाले, पण नवटाक आणि पावशेर ही मापे पिणाऱ्यांच्या तोंडी आपला मुक्काम टिकवून राहिली.

आंटीच्या घराला शिस्त होती, हे ज्यांनी ती घरे पाहिली ते सारेच सांगतात. मोठ्याने बोलावयाचे नाही, शिवी द्यावयाची नाही, जास्त झाली की आंटी स्वतः सांगे, आता पुरे, घरी जा. कारकून, गोदीकामगार, वार्ताहर, गाणारा-बजावणारा, आणि साध्या कपड्यांतला हवालदारसुद्धा एकाच बाकावर बसत. तो हवालदार गिऱ्हाईक म्हणून आला आहे की हप्ता नेण्यासाठी, हे आंटीलाच ठाऊक. कायद्यापासून लपण्याची गरज ही सर्वांची समान असल्यामुळे तेथे एक प्रकारची समता नांदत असे. मुंबईने पुढे कायदेशीर मद्यालये हजारोंनी उघडली, पण इतकी मिश्र बैठक त्यांपैकी फारच थोड्यांना साधली.

हे चित्र गोड आहे आणि म्हणूनच ते थोडे जपून पाहावे लागते. आंटीच्या पेल्यात येत होते काय? खाडीकाठच्या हातभट्टीवर गूळ, सडकी फळे आणि नवसागर यांपासून गाळलेली, मोटारीच्या चाकाच्या रबरी ट्यूबमध्ये भरून रात्री शहरात आणलेली दारू. आंटी प्रामाणिक असेल. तिला माल पुरविणारा तसाच असेल याची हमी नव्हती. आणि त्या मालाच्या वाहतुकीवर जी साम्राज्ये उभी राहिली ती काही बाहेरच्या खोलीत मावण्यासारखी नव्हती. वरदराजन मुदलियार याचा प्रारंभ हातभट्टीच्या धंद्यातला होता. पोलीस ठाणे आणि गुन्हेगार यांच्यातील हप्त्याचे नाते याच काळात पक्के झाले. आंटी स्वतः श्रीमंत झाल्याचे उदाहरण ऐकिवात नाही. मुलांच्या शाळेची फी भरली आणि खोली टिकली, एवढीच बहुतेकींची कमाई.

वसंतराव नाईक १९६३ च्या अखेरीस मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत बंदीचा फास टप्प्याटप्प्याने सैल होत गेला. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि देशी दारूची परवानाधारक दुकाने उघडली. कामगार वस्तीतला गुत्ता सरकारमान्य होऊन परतला. संत्रा आणि मोसंबी ही फळे त्यानंतर गिरणगावात बाटलीवरील नावे म्हणूनच अधिक ओळखली जाऊ लागली. परंतु एक गोष्ट शासनाने केली नाही. कायदा रद्द केला नाही. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा १९४९ चा हा कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला होता. गुजरातने त्याच्या आधारे बंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने त्याच कायद्याच्या आधारे दारू विकावयास सुरुवात केली. कायदा बंदीचा, खाते उत्पन्नाचे आणि मार्ग परवान्याचा, अशी ही त्रिवेणी आहे. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. आपले आरोग्य राखण्यासाठी मद्याची आवश्यकता आहे, हे त्या परवान्यात गृहीत धरलेले असते. परवानाधारकाने बसून प्यावे म्हणून जी खोली, ती परमिट रूम.

ही खोली कोठे निघाली, हेही पाहण्यासारखे आहे. इराणी हॉटेलांना उतरती कळा लागली होती. उडपी हॉटेलांनी त्यांचे गिऱ्हाईक ओढले होते, आणि चार आण्यांच्या चहावर कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागेचा खर्च निघत नव्हता. कित्येक इराण्यांनी बीअरचा परवाना घेतला. त्यांतले काही तगले. कोटातील कॅफे मिलिटरी १९३३ पासूनचे. तेथे खिमा आणि बीअर एकाच टेबलावर येते. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात गुरुवारी दुपारी बसणारे कवी अरुण कोलटकर, ते बंद पडल्यावर मित्रांसह मिलिटरीत येऊ लागले. कुलाब्याचे कॅफे माँडेगार १९३२ चे. त्याच्या भिंती मारिओ मिरांडा यांच्या चित्रांनी भरल्या आहेत, आणि त्या चित्रांतली मुंबई आता त्या भिंतींपुरतीच उरली आहे. त्याच रस्त्यावरचे लिओपोल्ड १८७१ सालचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी तेथे गोळीबार केला, आणि काही दिवसांतच ते पुन्हा उघडले. गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. बीअर पिता पिता त्या खुणांची छायाचित्रे घेणारे पर्यटक पाहून काहींना उबग येतो. पण शहराने आपली जखम झाकून ठेवली नाही, हेही खरे.

मात्र परमिट रूमचा खरा विस्तार केला तो दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या शेट्टी मंडळींनी. दादर, परळ, ठाणे, कल्याण, जेथे जेथे लोकल थांबते तेथे तेथे स्थानकाबाहेर एक परमिट रूम असावयाचीच. रंगीत काच, आत मंद दिवा, माशांच्या टाकीतला निळा उजेड. तळमजल्यावर साधा विभाग आणि माळ्यावर वातानुकूलित. तोच पेग वर चढला की किमतीतही चढे. सव्वासहाला कचेरी सुटलेला लेखनिक येथे येई. त्याचे टेबल ठरलेले, वेटर ठरलेला, क्वार्टर कोणाबरोबर अर्धी वाटून घ्यावयाची तेही ठरलेले. चकणा फुकट: शेंगदाणे, शेव, उकडलेले चणे, कधी पापड. महिन्याच्या वीस तारखेनंतर वेटर उधारी लिहून ठेवी आणि एक तारखेला न मागता आठवण देई. टेबलावर चर्चा महागाई भत्त्याची, बदलीची, मुलीच्या लग्नाची, आणि रात्री नऊनंतर इंदिरा गांधींची. घरी जाताना बडीशेप चघळावयाची. आणि घरी कळत नाही, असा समज करून घ्यावयाचा.

या बैठकीला काव्य चिकटविण्याचे कारण नाही. ती पुरुषांची बैठक होती. ‘फॅमिली रूम’ नावाची फळ्यांनी आडोसा केलेली जागा कोपऱ्यात असे, पण तेथे फॅमिली कधी दिसली नाही. त्या दोन तासांत घरी दिवा लावून वाट पाहणाऱ्या स्त्रीचा वेळही खर्च होत होता आणि तिच्या घरखर्चाचा पैसाही. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागेल. दाट वस्तीच्या चाळीत आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घर आणि कचेरी यांच्या दरम्यान बसावयास एक जागा लागते. वाचनालय सातला बंद होते, इराणी गेला, बागेत शिट्टी वाजते. त्या रिकाम्या जागेवर परमिट रूमने हक्क सांगितला. तिच्याऐवजी दुसरे काही उभे करण्याचा विचार ना महापालिकेने केला, ना दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी.

पुढली पंचवीस वर्षे भराभर गेली. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत अनेक परमिट रूमचे डान्स बार झाले. २००५ मध्ये शासनाने नृत्यावर बंदी घातली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय उचलून धरला. मग नवे कायदे आणि नव्या अटी आल्या, आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांतल्याही अनेक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. सरकार हरत गेले. पण चौदा वर्षांच्या या तंट्यात नाचणाऱ्या मुलींचा रोजगार गेला तो गेलाच. त्या कोठे गेल्या, याची विचारपूस बंदी घालणाऱ्यांनी केली नाही. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी, आणि बंदीनंतर त्या स्त्रियांचा पत्ता नाही, हा प्रकार पन्नास सालच्या बंदीपेक्षा फारसा निराळा नव्हे.

तिकडे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची धुगधुगी कमी होत गेली. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. बहुसंख्य परत आत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, आणि जेथे सूत निघत होते तेथे कचेऱ्या, दुकाने आणि पब निघाले. लोअर परळच्या पबमध्ये चिमणीची जुनी वीट मुद्दाम उघडी ठेवतात, लोखंडी खांबांना तेलपाणी करतात आणि त्याला सजावट म्हणतात. एका पेयाला जी किंमत पडते तीत गिरणी कामगाराचे एके काळचे महिन्याचे किराणा-भुसार आले असते. येथे तरुण मुलीही बसतात, कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही, आणि हा बदल चांगला आहे. जुन्या मद्यालयांच्या आठवणी काढणाऱ्यांनी तो नाक न मुरडता मान्य केला पाहिजे. पण संगीताचा आवाज इतका मोठा की शेजारच्याशी बोलावयाचे तर कानाशी ओरडावे लागते. पिठ्यात, आंटीकडे, परमिट रूममध्ये माणसे बोलावयास येत. दारू हे निमित्त असे. निमित्त उरले आणि बोलणे गेले.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबना आग लागली आणि चौदा जण मृत्यू पावले. गच्चीवरील ज्वलनशील छपरे, अडलेले मार्ग आणि डोळेझाक करणारे निरीक्षक यांची चर्चा काही आठवडे झाली. गिरणीत काम चालू असताना या आवारात कारखाना निरीक्षक येत असे. त्याचे नियम कडक होते, असे जुने कामगार सांगतात.

आणि जे पबमध्ये जाऊ शकत नाहीत, त्यांचे काय? वस्तीतल्या देशी दारूच्या दुकानाभोवती घरांचे भाव वाढले, तसे ते नवीन रहिवाशांच्या डोळ्यांवर येऊ लागले. प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी विरोधी कौल दिला तर दुकान बंद होते. ‘आडवी बाटली’ म्हणून हे मतदान प्रसिद्ध आहे, आणि स्त्रियांच्या हाती आलेले ते मोठे शस्त्र आहे यात शंका नाही. परंतु बाटली आडवी झाली म्हणून तहान आडवी होत नाही. २००४ च्या अखेरीस विक्रोळीत विषारी दारूने कित्येक बळी घेतले. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल मिसळलेली ती दारू पिणारे बिगारी, रिक्षावाले, नाक्यावरचे कामगार होते. त्यांना सरकारमान्य बाटलीतले दहा-वीस रुपयांचे अंतर परवडले नव्हते. आंटी नाहीशी झाली. ट्यूब मात्र राहिली, फक्त तिच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली.

हे अंतर कमी करण्याची कोणाला निकड आहे, असे दिसत नाही. परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर २०२३ च्या नोव्हेंबरात पाचावरून दहा टक्क्यांवर गेला. २०२५ च्या जूनमध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क एकदम वाढविण्यात आले आणि पाठोपाठ जुलैत बारमालकांनी एक दिवसाचा राज्यव्यापी बंद पाळला. मालकांचे दुखणे खरे असेल. पण बंदच्या दिवशीही पबवाला तगतो, आणि मोडतो तो स्थानकाबाहेरचा शेट्टी. दादर-परळकडे एकेक परमिट रूम मिटते आहे. त्या जागी औषधाचे दुकान येते, मोबाईलचे येते, किंवा इमारतच पुनर्विकासाला जाते. वेटर उडपी-मंगळूरकडे परततात. उधारीच्या वह्या कोण कोठे नेतो कळत नाही.

सवलतीच्या दरात मिळणारी एकच वस्तू शिल्लक आहे. एक दिवसाच्या पिण्याचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन रुपये. तो कोणी मागत नाही आणि कोणी दाखवीत नाही. पोलीस खात्याला एखाद्या बारवर धाड घालावयाची झाली, की मात्र तेथे बसलेल्या प्रत्येकाजवळ तो नसल्याचे अचूक आढळून येते.